चौदा शिटा भरेपर्यंत

पाथर्डीच्या जुन्या स्टँडाबाहेर, रसवंतीच्या अंगाला, बिभीषणची जीप उभी असते. मागच्या काचेवर दोन पोपट रंगवलेले आहेत. एकाची चोच पुसून पुसून गेली आहे, त्यामुळं तो चिमणीसारखा दिसतो. इथून बोरटेक अठरा किलोमीटर. चौदा शिटा भरल्याशिवाय जीप हलत नाही हा बिभीषणचा नियम, आणि दसरा उलटला की चौदा शिटा भरणं मोठं कठीण. निम्मं बोरटेक तेव्हा ऊसतोडीला गेलेलं असतं, कोणी कोल्हापूरकडं, कोणी पार कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी आहे ते. एवढ्यातून एका वेळी चौदा जण बाजार उरकून जीपपाशी गोळा व्हायचे म्हणजे कधी तास, कधी दोन तास.

आणि मध्येच साडेबाराची एसटी येते. एसटी दिसली की जीपमध्ये बसलेली सात-आठ माणसं पिशव्या उचलून तिकडं पळायला बघतात. बायकांना तर एसटीत अर्धं तिकीट. दुसरे जीपवाले मग हातापाया पडतात, पिशवी धरून ठेवतात, आता हालतोच म्हणत उगाच इंजिन घुरघुरवतात. बिभीषण यातलं काही करत नाही. तो स्टेअरिंगवर कोपर टेकून मागं वळतो आणि गोष्ट सांगतो.

त्याच्या गोष्टीतून उठून एसटीला गेलेलं माणूस बोरटेकला सहसा सापडायचं नाही. एकदा एक मास्तर गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी ते बिभीषणच्या दारात हजर. म्हणाले, "तात्या, त्या बैलाचं पुढं काय झालं तेवढं सांगा. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

ती बैलाची गोष्ट म्हणजे बिभीषणची शाळाच.

तो बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. पुढं स्वतःची बैलगाडी झाली. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या नंबराला लागायच्या, वजनाच्या काट्यावर नंबर यायला चार-चार, सहा-सहा तास. बैल रवंथ करतायत, माणसं गाडीखाली सावलीत पडलीयत. तिथं त्यानं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. एका माणसाचा बैल चोरीला जातो. तो दुसरा बैल घ्यायला घोडेगावच्या बाजारात जातो, एक बैल पसंत करतो, घरी आणतो. आणि घरी आल्यावर बैल आपल्या आपण जुन्या दावणीला जाऊन उभा राहतो. चोरानं शिंगं रंगवून त्याचाच बैल त्याला विकलेला.

"पहिल्या डावाला मी काय केलं," बिभीषण सांगतो, "बैल कोनाचा हाय ते शेवटापत्तुर दाबून ठिवलं. म्हनलं, माणसांना धक्का द्यावा. धक्का बसला. माणसं 'हात्तिच्या' म्हनली आन् उठून तंबाखू मागाया गेली. धक्का काय, एक डाव बसतो, झालं."

आठवड्यानं दुसऱ्या गाडीवाल्यांना तीच गोष्ट सांगायची वेळ आली. या वेळी त्यानं आधीच सांगून टाकलं, की गडे हो, तो शिंगं रंगवलेला बैल म्हणजे त्याचाच, बरं का. आणि मग तो माणूस बाजारात त्याच बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो, दात बघतो आणि म्हणतो, "बरा हाय. पर माझ्या बैलाची सर न्हाई याला."

"तवा माणसं जाग्यावर तळमळाया लागली. एक म्हातारा उठून बसला आन् मला म्हनला, आरं त्याला खुराकडं बघाया सांग, खुराकडं. जनू मी बाजारातच उभा हाय आन् तो माणूस माझं ऐकनार हाय. नंबर आला तरी म्होरला गाडीवान गाडी हालवंना. काट्यावाला बोंबलतोय."

तेव्हापासून बिभीषणनं गोष्टीत काही लपवलं नाही. कोण फसणार ते तो पहिल्या वाक्यात सांगतो. ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक, जीपला सगळं ठाऊक, फक्त गोष्टीतल्या त्या एका माणसाला नाही. त्याला कधी कळणार, कळेपर्यंत तो किती पुढं गेलेला असणार, एवढ्यासाठी माणूस बसून राहतो. उलटं बोलून हसवणं बिभीषणला येतंच, जीप बंद पडली की तो म्हणतो, "इमान थांबलंय, ढगात गर्दी हाय." पण अशा बोलण्यानं माणसं हसतात आणि हसून उतरून जातात, हे त्याला अनुभवानं कळलंय. हसू वेगळं आणि बसवून ठेवणं वेगळं.

बावीस वर्षांपूर्वी त्यानं बैल विकून जीप घेतली आणि ऊसतोड सोडली. मुलगी सुकन्या तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला उसाच्या फडात वाढवायचं नाही, असं त्यानं आणि बायकोनं, रंगुबाईनं, ठरवलं होतं.

आणि तरी ती फडात गेलीच.

सुकन्या एकोणीस वर्षांची असताना एक स्थळ आलं. मुलगा धडधाकट, घरची बैलजोडी, दोन एकर जमीन. दसऱ्याच्या आत लग्न करायचं म्हणून मुलाकडची घाई, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि टोळीला कोयता कमी पडत होता. बिभीषणला वाटलं, दोन-तीन हंगाम करतील, मग मुलगा पाण्याची सोय करणार म्हणतोय. सोयरीक ठरली त्या दिवशी त्यानं जीपमध्ये, पारावर, किराणा दुकानात, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला.

ज्याच्या ज्याच्या हातावर पेढा ठेवला त्यातल्या कित्येकांना मुलगा कसा आहे ते माहीत होतं. दारू पितो, मुकादमाच्या अंगावर धावून गेलाय, बैलाला सुद्धा काठीनं नाही, लोखंडी गजानं मारतो. कोणी बोललं नाही. ठरलेलं मोडायला कोणी जात नाही आपल्याकडं. माणसांनी पेढा खाल्ला आणि "छान झालं तात्या" म्हणाली.

सात महिन्यांनी सुकन्या मनगटाला पट्टी बांधून, हातात एक पिशवी घेऊन, एकटी एसटीनं परत आली. स्टँडावर बापाच्याच जीपमध्ये बसली. बिभीषण त्या वेळी बैलाचीच गोष्ट सांगत होता. ती अर्धी टाकून त्यानं जीप चालू केली का, तर नाही. चौदा शिटा भरल्या होत्या म्हणून चालू केली. वाटेत तो काही बोलला नाही. पुढं कधीतरी एवढंच म्हणाला होता, "बाजारात मीच उभा हुतो. सगळा बाजार बघत हुता."

कागदपत्रं होऊन सोडचिठ्ठी मिळाली. सुकन्या नर्सिंग शिकली आणि राहात्याला एका दवाखान्यात लागली. आता ती सत्तावीस वर्षांची आहे.

गेल्या दिवाळीनंतर कानिफनाथ, रंगुबाईचा चुलतभाऊ, हर्षलचं स्थळ घेऊन आला. मुलगा संगमनेरकडचा, दूध संकलन केंद्रावर कामाला, आईबाप लहानपणीच वारलेले, आत्यानं वाढवलेला. बोलणं सरळ. सगळं चांगलं, पण एक अडचण. कानिफनाथनं मुलाकडच्यांना सांगितलं होतं की मुलीचा एकदा साखरपुडा मोडलाय.

"साखरपुडाच का?" बिभीषणनं विचारलं.

"मंग काय लगीन सांगू? दाजी, तुमी बी कमाल करता. एकदा पोरगी नांदाया लागली की कोन मागलं उकरून काढतंय."

रंगुबाई म्हणाली, "खरंच हाय त्याचं. गप ऱ्हावा. पोरीचं चांगलं हुतंय."

बिभीषण गप्प राहिला. चौदा शिटांना गोष्ट सांगणारा माणूस घरात गप्प राहिला. सुकन्याचा राहात्याहून फोन आला तेव्हा त्यानं आडून आडून तिला सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, गोष्टीत तुम्ही सगळं आधी सांगता. आन् घरात मागं ठेवता?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? तुमच्या त्या बैलवाल्यासारखं त्या पोराला करू नका. सगळ्या गावाला ठावं आन् त्या एकट्यालाच न्हाई. मी त्याच्यासमोर कशी बसू? रोज वाटंल, आज कोनी सांगतंय का, उद्या सांगतंय का. मला अशा गोष्टीत राहायचं न्हाई. मी सांगू का त्यांना?"

"तू नको. बापानं सांगायचं असतं. मी सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हनलं ना."

पौष गेला, माघ गेला. बिभीषणनं दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. स्थळ मोडेल याचं भय होतंच. त्याहून मोठं भय वेगळं होतं. आठ वर्षांत त्यानं तोंडानं कधी म्हटलेलं नव्हतं की माझी पोर मी डोळ्यांवर पट्टी बांधून दिली.

फाल्गुनातला गुरुवार. ऊन तापायला लागलेलं. जीपमध्ये अकरा शिटा भरल्या होत्या. मागच्या बाकावर बकऱ्यांचा व्यापारी अंगद, त्याच्या समोर मिरच्यांची गोणी पायात घेऊन मालनबाई, बाकी बोरटेकचीच सगळी. ड्रायव्हरशेजारची जागा मोकळी होती. संगमनेरहून दोन गाड्या बदलून आलेली एक साठीची बाई काचेवरचे पोपट न्याहाळत आली आणि थेट पुढं येऊन बसली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली.

"बोरटेकलाच जाती ना ही?"

"जाती. पर भरल्यावर."

"भरू द्या. मला कुठं पाटबंधाऱ्याची मीटिंग हाय."

बिभीषणला बाई आवडली. ती बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "डायव्हर, तिथं बिभीषण म्हनून कोनी ऱ्हातं का?"

अकराच्या अकरा माणसं एका दमात गप्प झाली. मालनबाईनं पदराचं टोक दातात धरलं.

आपल्याकडं सोयरीक पक्की व्हायच्या आधी मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस असं न कळवता गावात येतं. जीपमध्ये, दुकानात, पिठाच्या गिरणीवर, जिथं मिळेल तिथं चौकशी करून मुलीकडच्यांना न भेटता परत जातं. ही बनुबाई, हर्षलची आत्या. आणि चौकशी करायला तिला नेमका मुलीचा बापच सापडला होता. जीपला अशी पर्वणी बावीस वर्षांत आली नव्हती.

आता बिभीषणच्याच रीतीनं एक सांगून टाकलेलं बरं. बनुबाईला सगळं माहीत होतं. दोन महिने वाट बघून, गेल्या आठवड्यात, सुकन्यानं हर्षलला राहात्याच्या स्टँडाजवळ चहाला बोलावलं आणि पहिल्या लग्नाचं सगळं सांगितलं, मनगटासकट. हर्षल म्हणाला होता, मला काही अडचण नाही. त्यानं घरी जाऊन आत्याला सांगितलं. आत्यानं सुकन्याला फोन लावला. म्हणाली, "पोरी, तू खरं बोललीस, मला पटलं. पर तुझ्या घरानं खोटं सांगितलंय. मला तुझं घर बघायचंय." तेव्हा सुकन्यानंच सांगितलं, मागं पोपट काढलेल्या जीपमध्ये पुढं बसा, चालवणारे माझे आप्पा. तुम्ही ओळखलंय ते दाखवू नका. त्यांना विचारा. "ते सोताहून खरं बोलले तर घरी जाऊन चहा प्या. न्हाई बोलले तर परत फिरा. मग मीच हे लगीन करणार न्हाई. खोट्यावर एकदा उभी राहिले, आता न्हाई."

म्हणजे जीपला वाटत होतं की बाई फसलीय. बिभीषणलाही तेच वाटत होतं. आणि बाई पिशवी मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडाकडं बघत, शांत बसली होती.

"हाय की बिभीषण," बिभीषण म्हणाला. "काय काम काढलं?"

"त्येच्या मुलीचं बघायचं चाललंय आमच्या भाच्याला. माणूस कसा हाय?"

"लई बेकार."

मागं कोणीतरी खोकलं.

"खरं म्हनता?"

"तोंड म्हनून मिटत न्हाई त्येचं. सकाळी सुरू झालं की दिस मावळस्तोवर."

"जीप चालवतो म्हनं."

"चालवतो म्हनायचं. बोरटेकला जीपवाले चार हायेत, त्यातली सगळ्यात खटारा त्येची. तिच्यात बसू नका कधी. अर्ध्या वाटंवर उतरवून ढकलाया लावतो."

"आन् गानी म्हनतो," अंगद मागून म्हणाला. "आईकवत न्हाई."

"गानी कधी म्हनली रं त्यानं?" बिभीषणनं आरशातून बघत विचारलं.

"लग्नात म्हनला हुता कानिफनाथच्या. नवरी रडाया लागली. माणसांना वाटलं, सासरी चाललीय म्हनून."

जीप हसली. बनुबाई पण हसली. मालनबाई म्हणाली, "पर बायको लई गरीब हाय वो त्येची. कशी निभावती तिलाच ठावं."

"मालनबाई, तुमाला कोनी इचारलं?"

"बाई इचारत्यात म्हनून सांगितलं. तुमचं काय जातंय?"

बनुबाईनं पाण्याचा एक घोट घेतला. बाटलीचं झाकण हळूहळू फिरवून लावलं.

"आन् मुलगी कशी हाय?"

बिभीषणनं स्टेअरिंगवरचा कोपर काढला. "मुलगी चांगली हाय," तो म्हणाला. उलटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"पहिलंच लगीन ना तिचं? न्हाई, मध्यस्त म्हनले, साखरपुडा मोडला हुता एक डाव."

जीप पुन्हा गप्प झाली. पण मघाची शांतता वेगळी होती. तेव्हा सगळे हसू दाबून एकमेकांकडं बघत होते. आता कोणी कोणाकडं बघेना. मालनबाई गोणीचं तोंड पुन्हा बांधायला लागली, ते बांधलेलंच होतं. अंगद रसवंतीच्या चाकाकडं बघत राहिला.

तेवढ्यात साडेबाराची एसटी आली. वळून, पुढं मागं होऊन, फलाटाला लागली. कंडक्टर खाली उतरून बोरटेक बोरटेक ओरडला. बिभीषण काही सांगत नव्हता, गोष्ट चालू नव्हती, तरी जीपमधलं एकही माणूस हललं नाही. कंडक्टरनं आश्चर्यानं दोनदा इकडं बघितलं. मग घंटी झाली आणि एसटी गेली.

"काय वो डायव्हर?" बनुबाई म्हणाली. "ठावं नसंल तर ऱ्हाऊ द्या."

ही एक वाट होती. ठाऊक नाही म्हणायचं, दुसरी गोष्ट सुरू करायची. बाई बोरटेकला उतरून परत गेली असती.

बिभीषणनं किल्ली फिरवली.

"तात्या, दोन शिटा कमी हायेत," मालनबाई म्हणाली.

"आसू द्या."

बावीस वर्षांत पहिल्यांदा जीप बारा शिटांवर निघाली. पंप मागं पडला, बाजार समिती मागं पडली. दोन्ही बाजूला तुरीचे खुंट उरलेली रानं. बिभीषण नेहमी वळून वळून बोलायचा, आज रस्त्याकडं बघत बोलला.

"बाई, एक गोष्ट सांगतो. एक बाप हुता. हा बाप फसनार हाय, ते आधीच सांगतो."

"सांगा."

"त्याला एकच पोर. तिला उसाच्या फडात जाऊ द्यायचं न्हाई म्हनून त्यानं बैल इकले, धंदा बदलला. आन् मंग सोताच्या हातानं तिला फडावर धाडली. जावई कसा हाय ते सगळ्या गावाला ठावं. बाप पेढं वाटतोय. एकाच्या हातावर ठिवला, दोघांच्या ठिवला. परत्येकाला ठावं. परत्येक जन पेढा खातोय आन् छान झालं म्हनतोय." तो थांबला. पुढं खड्डा होता, तो टाळला. "त्यांचा दोष न्हाई. बापानं इचारायचं असतं. त्यानं इचारलंच न्हाई. बोलत ऱ्हायला. बोलनाऱ्या माणसाला कोन काय सांगनार."

मळ्यातल्या लिंबाखाली सावली होती. तिथं त्यानं जीप बाजूला घेतली, बंद केली आणि पहिल्यांदा बनुबाईकडं वळला.

"तो बिभीषण मीच हाय. आन् साखरपुडा मोडला हे खोटं हाय. लगीन झालं हुतं. सात म्हैने नांदली. तिला मारलं त्यांनी, मनगट मोडलं. सोडचिठ्ठी झालीय, कागदं घरात हायेत, दाखवतो. पोरगी दोन म्हैने माझ्या मागं लागलीय सांगा म्हनून. न्हाई सांगितलं ते मी. तुमच्या भाच्याला सोयरीक मोडायची आसंल तर मोडू द्या. तिच्यावर खोटेपना लावू नका तेवढा."

मग मागून अंगदचा आवाज आला. खाली मान घालूनच बोलला तो.

"मला ठावं हुतं तात्या. मी त्येच्या गावात बकऱ्या घ्याया जायाचो. गज घेऊन बैलामागं पळताना बघितला हुता त्येला. तुमी पेढा दिला आन् मी खाल्ला."

बिभीषणनं आरशात बघितलं. आठ वर्षं रोज तो या आरशात अंगदला बघत होता.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तू त्या दिसापासनं जीपमंदी पेढ्याची गोष्ट निघाली की बाहीर बघतोस."

बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला बी ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. तुमच्या पोरीनं सांगितलंय. आठ दिस झाले. तुमी बिभीषण हाय ते बी पोपट बघूनच कळलं."

मालनबाईनं तोंडाला पदर लावला.

"म्हंजी मगाधरनं..." बिभीषण म्हणाला.

"मगाधरनं तुमी किती बेकार हाय ते आईकत हुते."

पहिला अंगद हसला. मग सगळी जीप. बिभीषण हसला नाही, त्यानं लिंबाकडं बघितलं, डोळे चोळले. "आन् मी बोललोच नसतो तर?"

"तर मी बोरटेकला उतरून माघारी फिरले असते. आन् तुमच्या पोरीनं लगीन केलं नसतं. तिनंच ठरवलंय तसं, मी न्हाई. चला आता. चहा पाजा घरी."

बिभीषणनं किल्ली फिरवली. जीप कण्हली आणि गप्प बसली. परत फिरवली. तेच.

बनुबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "एवढं तरी पहिल्यापासनं खरं बोलले हुते तुमी."

अंगद आणि आणखी चौघं उतरले. ढकलताना अंगद सगळ्यांच्या पुढं होता.

घरी रंगुबाईला काही कल्पना नव्हती. पाहुणी हर्षलची आत्या आहे एवढं कळल्याबरोबर तिनं चहात वेलदोडा टाकला, नवी चादर अंथरली आणि कप हातात देता देता, कानिफनाथनं पढवलेलं सुरू केलं. "काय सांगावं बाई, साखरपुडा झाला हुता, पर त्या मानसांचं..."

बनुबाई कपात बघत राहिली. बिभीषण दारात चप्पल काढत होता.

"अगं," तो म्हणाला, "सांगून झालंय."

रंगुबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा पाहुणीकडं. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराला डोळे लावले. बनुबाईनं कप खाली ठेवला, सरकून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "मनगट आता दुखतं का तिचं? थंडीचं?"

लग्न वैशाखात झालं, बोरटेकलाच. ऊसतोडीची माणसं परतली होती, गाव भरलं होतं. बिभीषणनं गाणं म्हटलं नाही, अंगदनं शपथ घातली होती.

तेव्हापासून बैलाची गोष्ट मागं पडलीय. बिभीषण आता एका जीपवाल्याची गोष्ट सांगतो. सुरुवातीलाच म्हणतो, "एक जीपवाला हुता. सगळ्यांना फशिवतो आसं त्याला वाटायचं. तोच फसनार हाय, बरं का." नाव सांगत नाही. बोरटेकच्या माणसांना सांगायची गरजही नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी जीपमध्ये बारा शिटा होत्या. पुढं बदलून आलेले नवे ग्रामसेवक, गावात कोणाची ओळख नाही. मागं मालनबाई, अंगद आणि माहेरी निघालेली सुकन्या, शेजारी मांडीवर बॅग घेतलेला हर्षल. साडेबाराची एसटी फलाटाला लागली. ग्रामसेवक एसटीकडं बघून अर्धे उठले.

"...आन् बाईनं इचारलं, पहिलंच लगीन ना तिचं?" बिभीषण म्हणाला.

ग्रामसेवक बसले. एसटी गेली तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. लिंबाच्या झाडापर्यंत गोष्ट आली, गोष्टीतली जीप बंद पडली, ढकलून झाली, चहा झाला.

"मग पुढं?" ते म्हणाले. "झालं का त्या मुलीचं लग्न?"

जीपमध्ये कोणी हललं नाही. हर्षलनं बॅगेच्या बंदाशी चाळा सुरू केला. सुकन्या खिडकीतून रसवंतीकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"दोन शिटा कमी हायेत, सायेब," बिभीषण म्हणाला. "येतील एवढ्यात."